तेल सोडण्याचे दोन अर्थ

‘नियमित देखभाल’ हे दोन शब्द ज्याने प्रथम एकमेकांशेजारी बसवले, त्याच्या गॅरेजमध्ये मोटार उचलण्याची लिफ्ट नव्हती, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. आमच्या गॅरेजमध्ये ती आहे. चार खांब, दोन लोखंडी पाट्या, एक पंप आणि पंपाखाली तेलाची टाकी. बटण दाबले की टाकीतले तेल नळ्यांतून धावू लागते आणि त्याच्या जोरावर पाट्यांवरची गाडी हळूहळू छताकडे निघते. तिला तशी वर जाताना पाहिले की जगातली कोणतीही जड गोष्ट, कुणी मनावर घेतले तर, हलकी होऊ शकते असे मला वाटत असे. आता वाटत नाही.

लिफ्ट ही बाबांची कल्पना. घरात गाड्या दोन आणि गॅरेज एक. पैकी बाबांची जुनी गाडी चालत नाही. आणि ती विकण्याचा विषय निघाला की बाबांचेही बोलणे चालत नाही. तेव्हा तिने वर राहावे आणि माझ्या लहानशा गाडीने तिच्या पायाशी, असा तोडगा निघाला. लिफ्टसोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत म्हटले होते की वार्षिक देखभाल अत्यंत सोपी असून घरातील कोणतीही जबाबदार व्यक्ती ती करू शकते. ही पुस्तिका लिहिणाऱ्याने आमचे घर पाहिलेले नव्हते.

देखभालीसाठी बाबांनी निवडला तो रविवार. वर्षात इतके रविवार असतात. कित्येक तर मी नुसते खिडकीशी बसून घालवलेले आहेत. पण ज्या एका रविवारी दुपारी मला गाडीची खरोखर गरज होती, नेमक्या त्याच सकाळी बाबा जुना सदरा घालून, बाह्या दुमडून जिन्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, “चल, लिफ्टचं उरकून टाकू. तासाभराचं काम.”

दुपारी मला एका व्यक्तीला स्टेशनवर सोडायचे होते. मी शब्दकोशाच्या कार्यालयात काम करतो. माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते, तिला कार्यालयात सगळे ‘पूर्णविराम’ म्हणतात. कारण कोणत्याही शब्दावरचा वाद तिने तोंड उघडले की तिथेच संपतो. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती आणि त्या दुपारच्या गाडीने ती जाणार होती. ‘मी सोडतो तुला,’ असे मी तिला म्हणालो होतो. हे तीन शब्द उच्चारण्याआधी मी जिन्यात बराच वेळ सराव केला होता, हे इथे सांगण्याची गरज नाही. ती हो म्हणाली. घरमालकाला खोली लवकर हवी होती म्हणून तिचे सामानही मी आदल्या संध्याकाळी माझ्या गाडीत आणून ठेवले होते. तिच्या घरापासून स्टेशनपर्यंतच्या वाटेत एक वाक्य बोलून होईल, असा माझा अंदाज होता. वाक्य तयार होते. फक्त गाडीला चाके जमिनीवर असणे आवश्यक होते.

“बाबा, आज नको. मला दुपारी गाडी लागणार आहे.”

“दुपारी लागणार ना? आत्ता कुठे दुपार झालीय?”

“मग तुमचीच गाडी राहू दे वर. माझी नको.”

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी एखाद्या आजारी ज्येष्ठ नागरिकाला झाडावर बसवून ठेवायला सांगत होतो. “पुस्तिकेत लिहिलंय, भार ठेवूनच तपासणी करायची. माझ्या गाडीचं वय काय, तिला हा धसका सोसेल का? तुझी तरुण आहे.”

अशा रीतीने बाबांची गाडी खाली उतरवून ढकलत अंगणात नेण्यात आली, तिच्यावर आच्छादन घालण्यात आले आणि माझी तरुण गाडी, पूर्णविरामच्या सामानासकट, छताजवळ जाऊन पोहोचली. वर नेलेली गाडी खांबांतल्या लोखंडी खटक्यांवर टेकवतात, म्हणजे तेलाने दगा दिला तरी ती खाली येत नाही. ही सुरक्षेची व्यवस्था अतिशय उत्तम आहे. ती किती उत्तम आहे, हे आम्हांला लवकरच कळणार होते.

पुढची सूचना घेण्यासाठी बाबांनी कंपनीच्या इंजिनीयरला फोन लावला. इंजिनीयर कुठल्याशा समारंभात होता आणि मागे बँड वाजत होता. बाबा एक कान बोटाने बंद करून “हां... हां... तेल... कळलं!” म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी मला आज्ञा दिली, “टाकीतलं तेल सोड.”

मी शब्दांवर पगार घेणारा माणूस आहे. निदान मी तरी विचारायला हवे होते. पण मला त्या क्षणी ते क्रियापद सुंदर वाटले, हे कबूल केले पाहिजे. तेल काढ नव्हे, ओत नव्हे, सोड. जणू ते तेल कोंडलेले आहे आणि त्यालाही कुठेतरी जायचे आहे. मी पाना घेतला, टाकीच्या तळाचे बूच फिरवले आणि तेल सोडले. ते संथपणे, काळसर चकाकत पत्र्याच्या डब्यात उतरले. शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही बापलेक समाधानाने पाहत उभे होतो. घरातील जबाबदार व्यक्ती अशाच दिसत असाव्यात.

“आता पुढे?” मी विचारले.

बाबांनी पुन्हा फोन लावला. या खेपेस बँड थांबला होता, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“सोडलंत ना तेल? किती बसलं?”

“बसलं?” बाबा म्हणाले. “बसेल कसं? सगळं सोडलं.”

 मग इंजिनीयर अगदी सावकाश म्हणाला, “काका, मी म्हटलं होतं, टाकी-त तेल सोडा. टाकी-त. थोडं कमी झालं असेल तर भरा, असं.”

एका ‘लं’ने घात केला होता.

आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून आली. सगळे ऐकून घेतल्यावर तिने मला विचारले, “तव्यावर तेल सोड म्हटलं तर काय करतोस तू? तवा उपडा करतोस?”

“अगं, आणि मी नोकरी सोडली ती?” बाबा उसळले. “ती काय ओतली होती कशात?”

“मग टाकीत पाणी सोडतात ते? भरायलाच सोडतात ना?”

“आणि टाकीतलं पाणी सोडतात ते?”

कार्यालयात या क्रियापदावर आम्ही एक पूर्ण पावसाळा घालवला होता; तिथेही एवढी उदाहरणे इतक्या पोटतिडकीने कुणी दिली नव्हती. मी मात्र वर पाहत होतो. खाली यायचे तर लिफ्टला आधी चिमूटभर वर उचलावे लागते, तेव्हा कुठे खटके मोकळे होतात. वर उचलायला तेल लागते. तेल डब्यात होते. तेव्हा डब्यातले तेल परत टाकीत ओतावे, इतका साधा उपाय माझ्यासारख्याच्याही ध्यानात आला आणि मी डब्याकडे वळलो.

डबा नव्हता.

डबा पान्हेकाकांकडे होता. पान्हेकाका आमचे शेजारी. कुणाच्याही घरातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला की ते हातात आपला पाना घेऊन हजर होतात. तो पाना कशालाच बसत नाही, पण काकांचा त्यावर विश्वास आहे. आमची भाषिक चर्चा चालू असताना ते मागच्या फाटकाने आले होते, त्यांनी डबा पाहिला होता आणि आता ते कुंपणाच्या कडेकडेने रिकामा डबा हलवत परत येत होते.

“झकास काम झालं,” ते म्हणाले. “वाळवीवर याच्यासारखं औषध नाही. दोन्ही बाजूंनी मारलं, तुमच्या आणि आमच्या.”

“काका, ते तेल पाहिजे होतं.”

“वापरलेलं तेल पुन्हा वापरतात होय रे, राजा? मशीन खराब होईल. नवीन आण.”

नवीन तेल कंपनीच्या दुकानात मिळते आणि दुकान रविवारी बंद असते. बाबांनी अंदाज घेत स्वयंपाकघराकडे पाहिले. आई दारात आडवी उभी राहिली. “माझ्या बरणीला हात लावायचा नाही. लोखंडाला तळणार आहात का?”

तेल सोडण्याऐवजी मी सकाळीच गाडीवर पाणी सोडले असते, तर किती बरे झाले असते. पण मी कंपनीच्या मदतकक्षाला फोन केला. मदतकक्ष हे नाव का पडले असावे, यावर कोशात टीप द्यायला हरकत नाही.

“लिफ्ट अडकली आहे,” मी म्हणालो.

“कोणत्या दोन मजल्यांच्या मध्ये, सर?” एक गोड आवाज.

“मजला एकच आहे.”

“मग लिफ्ट कुठे जाते, सर?”

“वर.”

“वर काय आहे?”

“छत.”

तिने क्षणभर विचार केला. “सर, आत किती व्यक्ती आहेत?”

“एकही नाही. गाडी आहे.”

“शून्य घेत नाही, सर, सिस्टीम. कमीत कमी एक टाकावं लागतं.”

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. “मग टाका एक! पण माणूस पाठवा!”

“धन्यवाद, सर. तुमची तक्रार नोंदवली आहे. आत व्यक्ती असल्यामुळे अग्निशामक दलाला आपोआप कळवलं गेलं आहे. कृपया अडकलेल्या व्यक्तीशी बोलत राहा. तिला धीर द्या.”

मी अडकलेल्या व्यक्तीला धीर देण्याचा प्रयत्न केला. पण ती व्यक्ती मीच असल्यासारखे मला वाटत होते आणि स्वतःला धीर देण्यात मी कधीच यशस्वी झालेलो नाही.

घड्याळ पुढे सरकत होते. गाडी राहिली, पण सामान तरी उतरवावे म्हणून मी पान्हेकाकांची शिडी मागितली. ती देताना त्यांनी मला शिडी कशी धरावी, पाय कसा टाकावा आणि त्यांच्या मेहुण्याचा पाय कसा मोडला, हे सविस्तर सांगितले. मी वर चढलो. गाडीची डिकी उघडेना, कारण तिचे झाकण अर्धी वीत वर गेले की छताच्या तुळईला अडकत होते. तेव्हा मागचे दार जेमतेम उघडून मी आडवा होऊन आत शिरलो, मागची आसने दुमडली आणि पोकळीतून पूर्णविरामची मोठी पेटी ओढू लागलो. पेटीत बहुधा पुस्तके होती. पुस्तके इतकी जड असतात हे वाचताना कळत नाही.

घामाघूम होऊन मी पेटी दारापर्यंत आणली आणि खाली पाहिले. शिडी नव्हती.

“काका घेऊन गेले,” आई खालून म्हणाली. “त्यांच्याकडे रंगारी आलाय, तो खोळंबला होता. म्हणाले, पोरगं आतमध्ये आहेच, तोवर एक भिंत उरकतो.”

अशा प्रकारे तक्रारीतली ती एक व्यक्ती प्रत्यक्षात उपलब्ध झाली. कंपनीच्या दूरदृष्टीला मी मनोमन दाद दिली. छत माझ्या टाळूपासून हातभर अंतरावर होते. पुढच्या आसनावर येऊन मी स्टिअरिंगमागे बसलो, कारण दुसरीकडे कुठे बसलो तर ते अधिक वाईट दिसले असते. गॅरेजच्या उघड्या दारातून आमची गल्ली, तिच्यावरची दुपार आणि एक झोपलेली मांजर एवढे दिसत होते. इतक्या उंचीवरून आपला रस्ता परका दिसतो. त्या रस्त्यावरून, हातात छत्री आणि खांद्याला झोळी घेऊन, पूर्णविराम चालत आली.

मी फोन उचलत नव्हतो म्हणून ती आली होती. फोन खाली कामाच्या टेबलावर वाजत होता.

“काकू, आहे का हो तो घरी?”

“आहे की,” आई म्हणाली. “वर आहे.”

पूर्णविरामने जिन्याकडे पाहिले. आईने बोट दाखवले. पूर्णविरामने मान वर केली. मी काच खाली केली आणि, दुसरे काहीच न सुचल्याने, म्हणालो, “आलीस?”

“मी आले,” ती म्हणाली. “तू कधी येतोयस?”

“थोडी अडचण आहे. तेल सोडलं.”

“कशात सोडलंस की कशातलं?”

कोशकार्यालयाचे केवढे नुकसान होणार होते, ते मला त्या एका प्रश्नाने कळले. बाबांनी मान खाली घातली. “कशातलं,” मी म्हणालो.

एवढ्यात घंटा वाजवीत अग्निशामक दलाची गाडी गल्लीत शिरली आणि दोन्ही कुंपणांना जवळजवळ घासून आमच्या दारात थांबली. आता त्या गल्लीतून सायकलही बाहेर पडणे शक्य नव्हते, मग टॅक्सी आत येण्याचे नावच नको. मिशीवाले एक अधिकारी उतरले. त्यांनी परिस्थितीची पाहणी केली. आमच्या परिस्थितीची इतक्या गंभीरपणे पाहणी यापूर्वी कुणी केलेली नाही.

“लिफ्ट कुठे आहे?”

“हीच,” बाबा म्हणाले.

“ही गाडी आहे.”

“गाडीच्या खाली आहे ती लिफ्ट.”

“माणूस लिफ्टमध्ये असतो, साहेब. हा तर गाडीत बसलाय. काच खाली आहे, हवा येतेय. याला अडकणं म्हणत नाहीत. हे बसणं.”

पान्हेकाका भिंत सोडून धावत आले होते. त्यांनी मत दिले की गाडीसकट लिफ्ट दोरांनी खाली ओढावी. अधिकाऱ्यांनी त्यांना हातातला पाना खाली ठेवायला सांगितले. मग दलाची शिडी लागली, जवान वर आला आणि पेटी, दोन पिशव्या, गुंडाळलेली चटई असे पूर्णविरामचे सगळे सामान एकेक करून खाली गेले. मी पाहत होतो. तिच्या जाण्याची सगळी तयारी माझ्या हातून, माझ्या दारातून पार पडत होती. शेवटी जवान मला म्हणाला, “चला, या आता तुम्ही.”

“एक मिनिट,” पूर्णविराम खालून म्हणाली आणि झोळी आईच्या हातात देऊन तिने शिडीवर पाय ठेवला.

“अहो बाई!” अधिकारी पुढे झाले. “आम्ही माणसं उतरवायला येतो. चढवायला नाही.”

“मग मला उतरवा ना. त्यासाठी आधी चढावं लागेल.”

अधिकाऱ्यांनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. कार्यालयात आमचेही असेच होत असे.

ती आली, डाव्या बाजूच्या आसनावर बसली आणि तिने दार ओढून घेतले. समोर, काचेपलीकडे, छताची तुळई होती. खाली सगळी गल्ली माना वर करून उभी होती.

“इथून स्टेशन किती लांब?” तिने विचारले.

“पाऊण तास. रहदारी असली तर.”

“माझ्याकडे पाच मिनिटं आहेत. काढ गाडी.”

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. आरसा नीट केला.  मग ती म्हणाली, “सिग्नल लागलाय. आता बोल.”

वाक्य तयार होते, असे मी मघाशी म्हणालो. ते लांब होते, त्यात दोन उपवाक्ये होती आणि एक बऱ्यापैकी उपमा होती. त्यातले एक अक्षरही मला आठवेना. “मला तू आवडतेस,” मी म्हणालो. “खूप दिवसांपासून.”

“काय म्हणाला?” खालून पान्हेकाकांचा आवाज आला.

“गप्प बसा हो,” आई म्हणाली.

पूर्णविराम समोर तुळईकडे पाहत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि तिच्या बाहीला माझ्या दाराचे ग्रीस लागले होते. ते तिला सांगावे की नाही, याचा मी विचार करत होतो.

“रोज डबा खाताना तू पाठ करून बसायचास,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझा राग येतो तुला.”

“मला घास गिळता यायचा नाही समोर.”

ती हसली. तिला इतक्या जवळून हसताना मी कधी पाहिले नव्हते. गाडी किंचित हलल्यासारखी वाटली, पण ते शक्य नव्हते, खटके उत्तम होते.

“माझी नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात ये. तिथे लिफ्ट नाही, हे मुद्दाम सांगून ठेवते.”

तिने दार उघडले. जवानाने तिला हात दिला, अधिकाऱ्यांनी खाली उभे राहून सूचना दिल्या आणि एक महिला सामानासह सुखरूप खाली आली. अधिकाऱ्यांनी वहीत तशी नोंद केली. त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. तक्रारीत व्यक्ती एक होती, एक उतरली. सुटका केलेल्या व्यक्तीला योग्य ठिकाणी पोहोचवण्याचा नियम त्यांच्याकडे आहे, आणि योग्य ठिकाण म्हणजे स्टेशन, हे पूर्णविरामने त्यांना दोन वाक्यांत पटवून दिले. पेटी लाल गाडीत चढली. पुढच्या बाकावर चालकाशेजारी छत्री घेऊन ती बसली.

“अहो, आणि आमचा मुलगा?” बाबा म्हणाले.

“तो बसलाय, साहेब. अडकलेला नाही. अडकला असेल तर नवीन तक्रार करा,” अधिकारी म्हणाले आणि शिडी आवरून निघाले. घंटा वाजली. लाल गाडी उलटी उलटी सरकत गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. घंटा मात्र नंतरही बराच वेळ ऐकू येत होती.

गल्ली पांगली. बाबा इंजिनीयरला पुन्हा फोन लावू लागले. रंगाऱ्याचे काम संपले होते, त्यामुळे पान्हेकाका शिडी घेऊन परत आले. ती त्यांनी खांबाला टेकवली, दोनदा हलवून पाहिली आणि कुणीही न विचारता तिच्या मजबुतीची हमी दिली.

“ये रे बाबा खाली,” आईने हाक मारली. “जेवायचं राहिलंय तुझं. किती वेळ बसणार आहेस तिथे?”

मी काच वर केली.